मैलापाणी नदीत सोडण्याआधी त्याचं नेमकं काय होतं? (मुळा-मुठेच्या निमित्ताने)

जाळीवाला | शनिवार, रात्री ९:४०

नदीकाठ सुधारणेच्या धाग्यावर "एसटीपी (मैलाशुद्धीकरण केंद्र) म्हणजे एक मोठा फिल्टरच ना?" असं दोघातिघांनी विचारलं होतं. तिथे उत्तर दिलं असतं तर अवांतर फार झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा. मैलाशुद्धीकरण केंद्रं उभारणं आणि चालवणं हेच माझं काम, त्यामुळे लांबण लागणार. जेवताना वाचू नका, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तर, फिल्टर नाही. गाळायचं काम केंद्राच्या दारातच उरकतं. ड्रेनेज लाइनमधून पाणी पंपिंग स्टेशनच्या विहिरीत येतं. आधी जाड गजांची जाळी, मग बारीक जाळी. त्यावर काय अडकतं ते एकदा पाहिलं की शहराबद्दल बरंच काही कळतं. गुटख्याच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, केसांचे गुंते, चिंध्या आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले छोटे त्रिकोणी कोपरे. हे कोपरे सगळ्यात छळतात. जाळीतून निसटतात आणि पुढे टाकीच्या तळाशी हवा सोडणाऱ्या डिफ्युझरवर जाऊन चिकटतात. पिशवी कापताना तो तुकडा पूर्ण सुटा करू नका, एवढं वाचून केलंत तरी माझं लिहिणं सार्थकी लागलं.

त्यानंतर ग्रिट चेंबर. तिथे रेती, राख, बांधकामाची वाळू खाली बसते. ती काढली नाही तर पंपाचे इंपेलर (आतली फिरती पाती) वर्षभरात झिजतात. मग बऱ्याच केंद्रांत प्राथमिक क्लॅरिफायर असतो. गोल, रुंद टाकी, पाणी दोनेक तास जवळजवळ स्थिर. जड घाण बुडाशी, तेल-तुपाचा तवंग वर. तरंगत्या कणांपैकी निम्म्याहून जास्त इथे निघतात, पण बीओडी (घाण किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, खाली सांगतो) जेमतेम तिसरा हिस्साच उतरतो.

कारण खरी घाण पाण्यात विरघळलेली असते. मूत्र, साबण, भाताची पेज, भांड्यांचं खरकटं. ती कुठल्याच जाळीत अडकत नाही.

आता बीओडी म्हणजे काय, ते आकड्यांत बघू. घरगुती मैलापाण्याचा बीओडी लिटरला साधारण २५० मिलिग्रॅम असतो. म्हणजे त्यातली घाण खाताना जिवाणू लिटरमागे २५० मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरतात. आपल्याकडच्या तापमानाला नदीच्या स्वच्छ पाण्यात ऑक्सिजन मावतो लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास. याचा अर्थ एक लिटर कच्चं मैलापाणी तीस लिटर चांगल्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन फस्त करतं. सगळा संपायचीही गरज नाही, ४ च्या खाली गेला की बहुतेक मासे तडफडायला लागतात. १०० एमएलडी, म्हणजे रोजचं १० कोटी लिटर कच्चं पाणी नदीत गेलं, तर नदीकडून रोज २५ टन ऑक्सिजन मागितला जातो. तो नसतो. मग ऑक्सिजन न लागणारे जिवाणू ताबा घेतात, पाणी काळं पडतं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. संगमाच्या पुलावरून मे महिन्यात गेलेल्यांना जास्त सांगायला नको.

घाण खायचं काम जिवाणू नदीतही करतातच. केंद्रात तेच काम आपण टाकीत, काही तासांत आणि आपल्या विजेवर करून घेतो. सगळी करामत एवढीच.

त्या टाकीचं नाव एरेशन टँक. खालून ब्लोअरने हवा सोडायची, ती डिफ्युझरच्या बारीक भोकांतून बुडबुड्यांनी वर येते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवला की जिवाणू जोमाने वाढतात आणि एकमेकांना चिकटून त्यांचे तपकिरी पुंजके होतात. हे पाणी पुढच्या क्लॅरिफायरमध्ये गेलं की पुंजके खाली बसतात आणि वरून नितळ पाणी निघतं. खाली बसलेल्या गाळाचा मोठा भाग पुन्हा एरेशन टँकमध्ये आणून सोडतात, कालचं विरजण आजच्या दुधाला लावावं तसा. ही युक्ती मँचेस्टरच्या डेव्हीह्यूम केंद्रात आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली मांडली. त्याआधी नुसती हवा मारून बघितलेले लोक होते, पण ते दर वेळी गाळ फेकून द्यायचे. यांनी तो जपला, आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. आजही जगातली बहुतेक मोठी केंद्रं याच तत्त्वावर चालतात.

शेवटी क्लोरीन किंवा अतिनील दिवे, मग नदी.

उरलेल्या गाळाचं काय, हा वेगळा धागा होईल. थोडक्यात सांगायचं तर बंद डायजेस्टरमध्ये तीनेक आठवडे कुजवतात, त्यातून मिथेन मिळतो आणि उरलेलं वाळवून खत होतं. शहराच्या गटारात कारखान्याचं पाणी शिरत असेल तर मात्र त्या खतात जड धातू उतरतात, मग ते शेतात टाकण्यालायक राहत नाही.

विचारा काय विचारायचं ते.


मृदुला_त | शनिवार, रात्री १०:१५

वाखु (वाचनखूण) साठवली. दुधाच्या पिशवीचा कोपरा वाचून आत्ताच किचनमध्ये जाऊन सुरी-कात्रीचं धोरण ठरवून आले :)


तिरपागडा | शनिवार, रात्री १०:५२

लेख छान आहे, पण नेहमीचीच गंमत. पुण्यात जुनी नऊ केंद्रं आहेत, क्षमता ४७७ एमएलडी. भैरोबा नाला १३०, नायडू ११५, एरंडवणे ५०, मुंढवा ४५ वगैरे वगैरे. त्यावर जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज घेऊन आणखी ११ केंद्रं, ३९६ एमएलडी. कर्जाचा करार २०१६ चा. मुदत केव्हाच उलटली. एवढं सगळं कागदावर असून नदी जशीच्या तशी. मग तुमचे ते तपकिरी पुंजके करतात काय?

देशाचंही तेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात शहरांचं मैलापाणी रोजचं ७२,३६८ एमएलडी, उभारलेली क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्षात शुद्ध होणारं २०,२३६. महाराष्ट्राचं ९,१०७ एमएलडी, क्षमता ६,८९०, आणि प्रत्यक्ष ४,२४२. बांधलेलंच पूर्ण वापरत नाही आणि निघाले नवीन बांधायला. ठेकेदार जगले पाहिजेत, दुसरं काय.


जाळीवाला | रविवार, सकाळी ६:३०

@तिरपागडा, आकडे बरोबर आहेत. ठेकेदारांबद्दल मी काही बोलत नाही, माझं पोट त्यावरच आहे.

पण "वापरत नाही" हे अर्धंच खरं. पाणी केंद्रापर्यंत येतच नाही. केंद्र बांधणं हा सगळ्यात सोपा भाग. सहा-सात एकर जागा, कुंपण, आतमध्ये काँक्रीट. अवघड आहे ते दोन-तीन मजले खोल मुख्य वाहिनी गल्लीबोळातून, ओढ्याच्या काठाने, अतिक्रमणाखालून नेणं. पालिकेत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला आणखी २३. तिथल्या कित्येक सोसायट्यांचं पाणी पावसाळी गटारात सोडलेलं आहे आणि पावसाळी गटार जातं थेट ओढ्यात. त्या पाण्याला केंद्र कुठे आहे हे ठाऊकच नाही.

दुसरं, पंपिंग स्टेशनची वीज गेली की विहीर भरते आणि पाणी बायपासने ओढ्यात जातं. जनरेटर असतो, डिझेल असतंच असं नाही.

तिसरं म्हणजे पाऊस. आपल्याकडे दोन्ही वाहिन्या वेगळ्या आहेत असं नकाशात दिसतं. जून उजाडला की मैलावाहिनीत कोरड्या दिवसाच्या दुप्पट-तिप्पट पाणी येतं, कारण लोक अंगणातलं तुंबलेलं पाणी ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडून त्यात सोडतात. एवढ्या लोंढ्यात टाकीतले जिवाणू वाहून जाऊ नयेत म्हणून गेट बंद करून जास्तीचं पाणी बाहेर काढावं लागतं. जिवाणू गेले तर ते परत वाढवायला दोन-तीन आठवडे जातात, त्यामुळे तो निर्णय बहुतेक वेळा बरोबरच असतो.


टेम्सकाठची | रविवार, दुपारी १:०५

पावसाचा मुद्दा वाचून राहवलं नाही. इथे लंडनमध्ये जुन्या भागात मैला आणि पाऊस एकाच वाहिनीतून जातात, ते मुळात तसंच बांधलेलं आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सचा वास पार्लमेंटात बसवेना, तेव्हा बाझलजेट नावाच्या इंजिनिअरने या वाहिन्या बांधल्या. त्याने तेव्हाच्या लोकसंख्येच्या मानाने भरपूर ऐसपैस बांधल्या होत्या, तरी आता जोराचा पाऊस झाला की भरून वाहतात आणि ते मिश्रण सरळ टेम्समध्ये. त्यासाठी नदीखालून २५ किलोमीटरचा प्रचंड बोगदा काढला, २०२५ च्या फेब्रुवारीत सगळी तोंडं जोडून झाली. जास्तीचं पाणी त्यात साठवायचं आणि सवडीने केंद्राकडे पाठवायचं. बिलात त्याचे पैसे आम्ही भरतो आहोत.

सांगायचं एवढंच, की श्रीमंत देशात नद्या काचेसारख्या असतात हा समज काढून टाका. इकडे पोहायला जाणारे लोक आधी फोनवर बघतात, वरच्या अंगाला कुठे मैला सोडलाय का.


भीमातीरी | रविवार, संध्याकाळी ७:२०

साहेब, आमचं गाव दौंड तालुक्यात, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते त्याच्याही खाली. उन्हाळ्यात आमच्याकडं नदीला जे पाणी असतं ते तुमच्या शहराचंच. वरून खडकवासल्यातून थेंब सुटत नाही नदीत, सुटतं ते कालव्याला.

खोटं कशाला बोलू, ऊस तरारून येतो या पाण्यावर. युरियाची गोणी कमी लागते. पण विहिरीचं पाणी प्यायचं कधीच सोडलं आम्ही, गावात जारचं पाणी विकत येतं. नदीत उतरलं की पायाला खाज. मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला जलपर्णी गुंडाळून बसते, आठवड्यातनं दोनदा कोणीतरी पाण्यात उतरून काढायची.

मुंढव्याच्या जॅकवेलवरनं (नदीतलं पाणी उचलायची विहीर) शुद्ध केलेलं पाणी बेबी कालव्यात सोडतात, वर्षाला साडेसहा टीएमसी द्यायचं ठरलंय, त्याच्या बदल्यात शहराला धरणातलं पाणी. शुद्ध म्हणतात. कालव्यावर फेस आणि वास बघून आम्हाला काही तसं वाटत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की केंद्रातनं खरंच पाणी नियमाप्रमाणं शुद्ध करून सोडलं, तर आमची नदी नीट होईल का?


जाळीवाला | रविवार, रात्री १०:४५

@भीमातीरी, या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. उत्तर असं आहे, की वास जाईल, काळेपणा जाईल, मासे परत येतील. पण जलपर्णी राहील.

थोडा इतिहास लागेल. ब्रिटनमध्ये सांडपाण्यावर एक रॉयल कमिशन होतं, १८९८ पासून १९१५ पर्यंत चाललं. त्यांच्या १९१२ च्या अहवालातून पुढे जगभर रूढ झालेलं प्रमाण आलं : शुद्ध केलेल्या पाण्यात बीओडी २० आणि तरंगते कण ३० पेक्षा जास्त नकोत. आपल्याकडचे आकडे त्याचीच नातवंडं. पण त्या प्रमाणाला एक अट होती, ती लोक विसरले. सोडलेल्या पाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत वाहतं असलं पाहिजे. इंग्लंडात बारमाही पाऊस, त्यांना ते परवडलं.

मुठेत जानेवारी ते मे आठपट सोडा, एकपट तरी आहे का? तुम्हीच लिहिलंत, थेंब सुटत नाही. म्हणजे बीओडी २० चं पाणी सोडलं तर नदीचा बीओडी २० च राहतो. चांगल्या नदीत तो ३ च्या आत हवा. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये बीओडी १० पर्यंत आणा, नत्र १० च्या आत, स्फुरद १ च्या आत असं सांगितलं, त्यामागचं कारण हेच. त्याआधीची २०१७ ची केंद्राची अधिसूचना महानगरांना २० आणि इतरांना ३० वर सोडत होती. माझ्या धंद्यातले पुष्कळ लोक लवादाच्या आकड्यांना "अव्यवहार्य" म्हणतात. मी म्हणत नाही. ज्या नदीत दुसरं पाणीच नाही, तिच्यात हेच आकडे व्यवहार्य.

आता जलपर्णी. जिवाणूंनी कार्बन खाल्ला तरी मूत्रातला नत्र अमोनिया म्हणून शिल्लक राहतो. जास्त हवा दिली तर त्याचा नायट्रेट होतो, पण नत्र पाण्यातच राहतो. साबणातला आणि मैल्यातला स्फुरदही बराचसा तसाच पुढे जातो. तुमचा ऊस ज्यावर तरारतो, त्यावरच जलपर्णी फोफावते आणि पुढे उजनीचं पाणी हिरवं होतं. सोलापूर तेच पाणी पितं. उजनीत आता चिलापी सोडून बाकी मासा फारसा मिळत नाही अशी तिथल्या मच्छीमारांची तक्रार असते. चिलापी घाण पाण्यातही तग धरते.

नत्र काढायची सोय आहे. एरेशनच्या आधी बिनहवेची एक टाकी ठेवायची आणि नायट्रेट असलेलं पाणी तिच्यात परत फिरवायचं. हवा नाही म्हटल्यावर जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. स्फुरद तुरटी किंवा फेरिक क्लोराइड घालून खाली बसवता येतो. जुन्या केंद्रांत यातलं बहुतेक काही नाही, कारण ती बांधली तेव्हा कोणी मागितलं नव्हतं.

कालव्यातल्या पाण्याबद्दल : केंद्रातून निघालेलं पाणी आणि नदीतून उचललेलं पाणी यात फरक आहे. जॅकवेल नदीतून उचलते. वरच्या ओढ्यांचं कच्चं पाणी त्यात मिसळलेलं असतं. तुम्हाला दिसतं ते बरोबरच दिसतं.


रसायनी | सोमवार, सकाळी ११:००

छान उत्तर. एक पुरवणी, जिवाणूंबद्दल. नितळ दिसणारं पाणी सुरक्षित असतंच असं नाही. कच्च्या मैलापाण्यात १०० मिलिलिटरला विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू कोट्यवधी असतात. एरेशन आणि क्लॅरिफायरमधून नव्वद ते नव्याण्णव टक्के जातात. ऐकायला भारी, पण कोटीतले नव्याण्णव टक्के गेले तरी एक लाख उरतात. २०१७ च्या अधिसूचनेत मर्यादा १००० ची. म्हणून शेवटचा क्लोरीन महत्त्वाचा, आणि पैसे वाचवायचे झाले की पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते. बरं, जास्त मारला तर उरलेला क्लोरीन नदीतल्या माशांना मारतो. भाजीपाल्याला हे पाणी देणाऱ्यांनी निदान पालेभाज्या कच्च्या खाऊ नयेत.


मालाडकर | सोमवार, दुपारी २:३०

तुम्ही पुणेकर नदीवरून भांडता, आमच्याकडे समुद्र आहे. वरळी आणि वांद्र्याला जाळी-ग्रिट एवढं झालं की तीन किलोमीटरहून लांब बोगद्याने खोल समुद्रात सोडून देतात. हे चालतं का?


जाळीवाला | सोमवार, रात्री ९:१५

@मालाडकर, खुल्या समुद्रात बऱ्यापैकी चालतं. बोगद्याच्या टोकाला अनेक तोंडं असतात, पाणी फवाऱ्यासारखं बाहेर पडून भरपूर मिसळतं. खारं पाणी आणि ऊन यात मैल्यातले जिवाणू झपाट्याने मरतात. गोम आहे ती खाडीत सोडणाऱ्या केंद्रांची. मालाडची खाडी उथळ, ओहोटीला चिखल, भरतीला तेच पाणी परत आत. तिथे समुद्राचा हिशोब लागू होत नाही. वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा, मालाड अशा सात नव्या केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं, मिळून २,४६४ एमएलडी. एवढी क्षमता जागेअभावी मुंबईत कशी बसवतात हे बघायला मी स्वतः उत्सुक आहे.


वैदर्भीय | सोमवार, रात्री १०:०२

अन् आमच्या नागपूरचं कोणी काढतच नाही! भांडेवाडीचं शुद्ध केलेलं पाणी, १३० एमएलडी, कोराडीच्या औष्णिक केंद्राला जाते. तेवढं पेंचचं पाणी वाचलं नं. पैसे पण मिळते महापालिकेले. नाग नदी मात्र अजून तशीच हाय, ते विचारू नका.


मृदुला_त | सोमवार, रात्री १०:२०

आळंदीला इंद्रायणीवर जो पांढरा फेस दिसतो तो कशाचा? दर कार्तिकीला बातम्यांत फोटो येतात.


रसायनी | सोमवार, रात्री १०:५०

कपडे-भांडी धुण्याच्या साबणातली फेस करणारी द्रव्यं, त्यात कारखान्यांचं पाणी. एरेशन टँकमध्ये ती बरीचशी जिवाणू खाऊन टाकतात, पण कच्चं पाणी आलं की तशीच राहतात. बंधाऱ्यावरून पाणी कोसळताना घुसळलं जातं आणि फेस उभा राहतो. फेस बंधाऱ्याखाली दिसतो, त्याचं कारण वर वीस किलोमीटरवर कुठेही असू शकतं.


पर्यावरणप्रेमी_राहुल | मंगळवार, सकाळी ९:४०

एवढा खर्च कशाला? आमच्या भागात ओढ्यात जिवाणूंचं कल्चर टाकायचा उपक्रम झाला. पावडर मिळते, गूळ घालून ढवळायची आणि सोडायची. नैसर्गिक उपाय. शिवाय नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने फायटोरिड काढलंय, झाडांच्या मुळांनी पाणी शुद्ध होतं. वीज लागत नाही.


जाळीवाला | मंगळवार, रात्री ८:००

राहुल, फायटोरिडबद्दल आदर आहे. खडीच्या थरात कर्दळ, पाणकणीस लावून पाणी आतून सावकाश नेतात. वसतिगृह, शाळा, लहान गाव यांना उत्तम. जागा मात्र पुष्कळ लागते. शंभर एमएलडी त्यावर करायचं म्हटलं तर अख्ख्या उपनगरात कर्दळ लावावी लागेल.

पावडरीचं मात्र मला कधी पटलं नाही. मैलापाण्यात जिवाणू फुकट आणि अमाप येतात, ते विकत घ्यायची वस्तूच नाही. ओढ्यात उणीव आहे ती ऑक्सिजनची आणि वेळेची. पावडर टाकलेलं पाणी तासाभरात नदीत पोचतं, त्या तासात कोण काय खाणार? नव्या केंद्रात आम्हीही शेणकाला आणि गूळ घालतो, चालू केंद्रातून टँकरने गाळ आणतो, पण तो फक्त सुरुवातीला. नंतर जिवाणूंची संख्या हवा आणि खाणं ठरवतं.


कमिटीतली | मंगळवार, रात्री ९:३५

जाळीवाला, मी सोसायटीच्या कमिटीत आहे आणि तळघरातला एसटीपी माझ्या गळ्यात पडलाय. दोनशे चाळीस फ्लॅट. जुन्या पद्धतीचा, एक्स्टेंडेड एरेशन का काय ते. शुद्ध झालेलं पाणी फ्लशला आणि बागेला. सध्या फ्लशच्या पाण्याला वास येतो, पिवळट दिसतं, लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतात. चालवायला ठेवलेली एजन्सी म्हणते मीडिया (फिल्टरमधला भरणा) बदला, दोन लाख. एजन्सीचा मुलगा रोज अर्धा तास येतो, वहीत सगळे आकडे दर दिवशी अगदी सारखेच. कुठून सुरुवात करू?


जाळीवाला | मंगळवार, रात्री १०:३०

ताई, दोन लाख अजिबात देऊ नका. आधी बघा, रात्री ब्लोअर चालू असतो का? केंद्राच्या विजेतला निम्म्याहून जास्त वाटा ब्लोअरचा, त्यामुळे बिल कमी दाखवायचं तर रात्री तो बंद करतात. आवाजाची तक्रार म्हणूनही बंद करतात. चार-पाच तास हवा नाही मिळाली की जिवाणू गुदमरायला लागतात, सकाळी टाकी काळी आणि वास.

मग टाकीजवळ उभं राहून नाकाने तपासा. चांगल्या गाळाला ओल्या मातीचा वास येतो आणि रंग चॉकलेटी. काळा रंग आणि सडकी अंडी, तर हवा कमी.

त्यानंतर जार टेस्ट. एक लिटरचं मापाचं नळकांडं घ्या. एरेशन टँकमधलं पाणी भरा, अर्धा तास हलवू नका. गाळ २५० ते ४०० मिलिलिटरवर येऊन थांबला आणि वरचं पाणी नितळ असलं तर टाकी ठीक आहे, बिघाड पुढच्या फिल्टरमध्ये. ही टेस्ट मुलाकडून नको, तुम्ही स्वतः करा.

घरांमध्येही सांगा, अ‍ॅसिड आणि ब्लीच बाटलीभर ओतू नका. एका मजल्यावर दिवाळीची साफसफाई निघाली की तळघरातले जिवाणू गेलेच.

आणि एक गोष्ट दरडावून सांगतो. कोणीही, कितीही किरकोळ कामासाठी, टाकीत उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. अशा बहुतेक बातम्यांत मेलेल्यांचा आकडा एक नसतो, ते याचमुळे. माणसाला मैल्याच्या टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली. "आमच्या इथे हवा खेळती आहे" म्हणणाऱ्या मॅनेजरला ही पोस्ट दाखवा.


तिरपागडा | बुधवार, सकाळी ८:१०

हे मात्र खरंच उपयोगी. वही रोज सारखी म्हणजे आमच्या सोसायटीचीच एजन्सी दिसते ;)

पण मग मोठ्या केंद्रांच्या वह्यांवर तरी का विश्वास ठेवायचा?


जाळीवाला | बुधवार, रात्री ९:००

ठेवू नका. नमुना कधी घेतला ते विचारा. सकाळी सात ते दहा हा शहराच्या आंघोळीचा, संडासचा वेळ, तेव्हा केंद्रावर सर्वाधिक भार. पहाटे चारला घेतलेला नमुना कोणाचंही केंद्र पास करतो. चोवीस तासांचा मिश्र नमुना मागा. आणि विजेचं बिल मागा, माहिती अधिकारात मिळतं. शुद्ध केलेलं पाणी कागदावर वाढलं आणि युनिट तेवढेच राहिले, तर हवा कुठून आली हे त्यांनाच विचारायचं.


कमिटीतली | शुक्रवार, रात्री १०:१०

ब्लोअर रात्री अकरा ते सहा बंदच होता! आता टायमर काढून टाकलाय. तीन दिवसांत वास बराच कमी. आज जार टेस्ट केली. अर्ध्या तासाने गाळ ८५० मिलिलिटरवर, जेमतेम खाली आला. वरचं पाणी गढूळ नाही. रंग चॉकलेटी. म्हणजे?


जाळीवाला | शुक्रवार, रात्री १०:४०

दोन शक्यता. एक तर गाळ फार साठलाय, कारण कोणी काढतच नव्हतं. नाहीतर धाग्यासारखे लांब जिवाणू माजलेत, ते गाळाला खाली बसू देत नाहीत.

ओळखायची युक्ती सोपी आहे. उद्या टाकीतलं पाणी अर्धा लिटर आणि क्लॅरिफायरवरून निघालेलं नितळ पाणी अर्धा लिटर मिसळून पुन्हा अर्धा तास ठेवा. गाळ २५०-३०० पर्यंत पटकन बसला तर पहिली भानगड : रोज थोडा थोडा गाळ बाहेर काढा, एका दिवसात दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. तरीही वरच राहिला तर दुसरी, मग गाळ काढायची घाई करू नका. आधी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजून घ्या, डिफ्युझर तुंबलेत का ते बघा, आणि इमारतीत खाली हॉटेल असेल तर त्यांचा तेलाचा ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी पेटी) शेवटचा कधी साफ झाला ते विचारा.


कमिटीतली | शुक्रवार, रात्री १०:५२

हॉटेल आहे. ट्रॅप म्हणजे काय असं मॅनेजरनेच मला विचारलं. उद्या दोन्ही बघते आणि आकडा इथे टाकते.